ताईच्या पेटीतली चकती

पैज मीच लावली हुती. हातमोजा न घालता त्या चकतीला बोट लावायचं, मंग माझ्याकडनं वडापाव. माझा दोस्त फैयाज येडा, लगेच व्हय म्हनला.

आमी यशोधराताईचा डबा द्यायला गेल्तो. माझी सख्खी भन ती, संगमनेरला कॉलेजात संशोधन करती. चांदन्यांच्या मधी जो अंधार असतो ना, तिथं धुळीच्या कनावर बर्फ धरतो म्हनं. त्याच्यावर ताऱ्याचा उजेड पडून पडून जीव घडायला लागतो तसला माल तयार व्हतो. ताई तेच स्टीलच्या पेटीत करून बघती. आतली हवा उपसायची, रुपयाएवढ्या चकतीवर वायू गोठवायचा, वरनं दिवा मारायचा. चकतीला मानसाचं बोट लागलं की खेळ खल्लास, कारन तो माल आपल्या घामातबी असतो.

ताई हात धुवायला गेली, तेवढ्यात फैयाजनं बोट टेकवलं. काय दिसलं न्हाई. ताईनं येऊन पेटी बंद केली. वडापाव मी दिलाच न्हाई.

पेटी उबेला आनून उघडायची हुती, त्या दिवशी आमी परत गेलो. भर दुपार, पन खिडक्यांना काळा कागद. पंप बंद झाला तशी खोली एकदम गप झाली. ताईनं झाकन काढलं आन वास आला... बाळंतिनीच्या खोलीत येतो ना, दुधाचा आन धुरीचा, तसला.

तिनं चकती भिंगाखाली धरली.

मंग हळूच म्हनली, "सम्या, ह्याला कुणी हात लावलाय का? खरं सांग. आज मी पुण्याला सरांना कळवणार आहे. उद्या खोटं निघालं तर मला कुणी दारात उभं करणार नाही रे."

मी छताकडं बघितलं. खोटं बोलायला माझी जीभ कदी अडत न्हाई, त्या दिवशी वळंना.

"ये, बघ," ती म्हनली.

मी भिंगाला डोळा लावला. तांबूस, चिकट थर. त्यात तळहात उमटलेला. पाची बोटं, रेघांसकट. सगळा मिळून वेलदोड्याच्या दान्याएवढा. मी बघत असताना त्याची करंगळी... जाऊ द्या.

मी बाजूला झालो. फैयाजनं बघितलं. त्याच्या तोंडचं पानी पळालं.

"ताई," तो म्हनला, "मी लावलं... पन एकच बोट लावलं हुतं."