थोरल्या सिस्टरचं खातं

हसताय? हसा, हसा. माझ्या साडूच्या पोरावर बेतलं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दिवा राहू दे लावलेला, आणि नीट ऐका.

त्याला आम्ही बारक्या म्हणतो. अंगाने चांगला आडवा आहे, पण नाव पडलं ते पडलं. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतो. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे दोन वाजून गेलेले. त्याची चार वर्षांची लेक त्याच हॉस्पिटलात, वर मुलांच्या वॉर्डात, न्यूमोनियाने पडलेली. बायको तिच्या उशाशी. पण सर्व्हर रोज रात्री गुदमरायचा, म्हणून हा बिचारा तळघरात दुरुस्तीला बसलेला.

डेटाबेसला कोण काय विचारतंय ते टिपणारा लॉग त्याने चालू केला. फक्त रेंगाळणाऱ्या क्वेरी, म्हणजे उत्तराला उशीर लावणाऱ्या विचारणा, टिपायला लावलं. तर एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली. कोणीतरी त्याच्याच लेकीची माहिती काढत होतं. खातं होतं थोरल्या सिस्टरचं, म्हणजे मुलांच्या वॉर्डातल्या मुख्य नर्सबाईंचं.

थोरली सिस्टर वारून तीन महिने झाले होते.

"च्यायला, खातं बंद करायचं राहिलं वाटतं," तो पुटपुटला. माणूस जातं, खातं तसंच राहतं. हॉस्पिटलवाल्यांची नेहमीची चूक. कोणीतरी तिचा पासवर्ड वापरत असणार. कुठून, ते त्याने पाहिलं. तिच्या जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. आणि तो कॉम्प्युटर तर त्याच्याच पाठीमागे, भंगारात पडला होता. वायर गुंडाळलेली...

त्याने मागे वळून पाहिलं नाही. छातीच झाली नाही हो त्याची!

त्याने लॉगला सगळंच टिपायला लावलं. आता आणखी एक ओळ दिसली. ती नुसती बघत नव्हती. बदलत होती. लेकीच्या तीनच्या इंजेक्शनचा डोस. पाच मिलीचा अर्धा मिली.

"माझ्या पोरीचं औषध तोडतेय ही..."

नर्स तर स्क्रीनवर बघूनच इंजेक्शन भरतात. त्याने डोस परत पाच केला. खातं बंद केलं. मागे खुर्ची सरकल्यासारखं वाटलं... मग काहीच नाही.

मग त्याने लेकीच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, कोणीतरी डोस बदलत होतं. मी परत पाच केलाय."

"पाच?" डॉक्टर ओरडलेच. "अरे, मी अर्धा सांगितला होता! टाइप करताना घोळ घातलाय कोणीतरी. पाच दिला तर पोर हातची जाईल! पळ!"

वॉर्डाचा फोन कोणी उचलेना, तीन वाजत आलेले. तो पळाला. जिना. अंधार. आपल्याच हाताने... आपल्याच हाताने केलं आपण...

वॉर्डाचं दार ढकललं.

नर्स लेकीजवळ उभी. हातात भरलेली सिरिंज.

"थांबा!"

"मी... मी काहीच दिलं नाही," नर्स म्हणाली. "देणार कशातून? सलाईनची सुईच नाही हो हातात. आत्ता तर बघून गेले होते मी..."

बायको बसल्या बसल्या पेंगलेली. लेक गाढ झोपेत. हातातली सुई काढलेली, त्यावर कापूस, वर चिकटपट्टी. रक्ताचा टिपूस नाही. पट्टीचं एक टोक नीट दुमडलेलं.

नर्सने त्या टोकाकडे बोट दाखवलं. "काढताना पोरांना ओढ बसू नये म्हणून... असं टोक थोरल्या सिस्टरच दुमडायच्या. आमच्यात कोणी..."

सकाळपर्यंत त्या पट्टीला कोणी हात लावला नाही.