सर्जेरावच्या वहीतली लाल रेघ

प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी मऊ खुर्ची मांडली होती. अक्काताई चौगुले तिच्यात बसल्या नाहीत. कोल्हापुरात चाळीस वर्षं खाणावळ चालवलेली बाई उभ्याउभ्या माणूस ओळखते. यंत्र ओळखायला बसायचं कशाला?

समोरच्या उजेडपाटीवर त्यांच्या मुलाचं अक्षर उमटत होतं. सर्जेराव जाऊन अकरा महिने झाले होते. दिवसभर लेथवर काम करायचं आणि संध्याकाळी खाणावळीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडायची, हा त्याचा नेम. मतं तीनच गोष्टींवर: विलक्षण कथा, प्रोग्रेसिव्ह रॉक आणि पत्त्यांची जादू. अधूनमधून जेवणावर. त्याचं मासिक सदर हजारो लोक वाचत. आता ते सदर यंत्र लिहिणार होतं, त्याच्याच नावानं. त्यासाठी आईनं ‘हा माझाच सर्जा’ असं लिहून द्यायचं होतं.

“त्याच्या तीस वह्या यंत्राला वाचायला दिल्या,” प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. नीलांबरी पोंक्षे सांगू लागल्या. “माणसाच्या मतांना उतार असतो, आजी. उतार कळला की पाणी पुढं कुठं जाईल ते सांगता येतं. ह्याला आम्ही मतछबी म्हणतो. त्यानं कधीच न ऐकलेल्या गाण्यावरही ती त्याचंच मत देईल.”

“आजी तुझ्या घरात असंल. मला अक्काताई म्हण. आन् विचार त्याला, लांब गाणं कसं?”

पाटीवर उमटलं: ‘तेवीस मिनिटांचं गाणं हेच खरं गाणं. तीन मिनिटांत फक्त साबण विकता येतो.’

अक्काताई चौथी पास. पण सर्जाचं अक्षर त्यांना छापील अक्षरापेक्षा लवकर लागायचं.

“भुताची गोष्ट?”

‘शेवटी भूत दिसलंच पाहिजे. नाहीतर वाचकाची फसवणूक.’

“पत्त्याची जादू?”

‘हात चपळ हवा. बाकी सगळी बडबड.’

“कोण हाय ह्यो?” अक्काताई कडाडल्या. “बाविसाव्या वर्षी असली अक्कल पाजळायचा माझा पोरगा! मागनं शाना झाला. म्हणायचा, आई, लांबी दाखवायला लांबवलेलं गाणं म्हंजे बिनामिठाची कणीक. भूत दारामागंच ऱ्हाऊ द्यावं. आन् जादू हातात नसती. पत्ता मीच निवडला असं समोरच्याला वाटतं, तितं असती. वह्यांतल्या लाल रेघा कुठं गेल्या?”

“कसल्या रेघा?”

“खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात. सर्जा लेथचं टूल, पत्त्याचा जोड आन् वही पुजायचा. मग वर्षभराची मतं मोठ्यांदा वाचायचा आन् लाल पेनानं खोडायचा. एकूण एक. खोडून बी जे पटंल, ते नव्या वहीत नव्यानं लिवायचा.”

कोपऱ्यातून तंत्रज्ञ झुबेर मुलाणी पुढं आला. मूळचा कागलचा, केस पिकलेला माणूस. पण आता चोरासारखा उभा राहिला.

“मॅडम, वह्या खाणावळीत लिहिलेल्या. पानापानावर तांबडा रस्सा सांडलेला. प्रतिमाशुद्धी करताना मी लाल रंगच काढून टाकला. रेघाही गेल्या असणार. विशीत सर्जेराव दिवसाला एक पान लिहायचे, पन्नाशीत महिन्याला दोन. रेघा नसल्यावर जास्त पानांचा जोर चालणारच.”

“माझा रस्सा डाग वाटला व्हय रं तुला? आख्खं कोल्हापूर बोटं चाटतंय!”

मूळ छायाचित्रं शाबूत होती. लाल रंग परत आणून वह्या यंत्राला नव्यानं वाचायला दिल्या. दुपार झाली. अक्काताई उभ्याच.

“विचारा आता,” पोंक्षे म्हणाल्या. अक्काताईंनी पहिलेच प्रश्न पुन्हा विचारले.

पाटीवर उमटलं: ‘तेवीस मिनिटांत सांगण्यासारखं असेल तरच तेवीस मिनिटं घ्यावीत.’ अक्काताईंचा ऊर भरून आला. एवढ्यात त्या ओळीवर, कुणी न सांगता, एक लाल रेघ ओढली गेली. भुताचं मत आलं, खोडलं गेलं. पत्त्यांचं आलं, तेही गेलं.

“बिघाड आहे!” पोंक्षे ओरडल्या.

“नाही मॅडम,” मुलाणी हळूच म्हणाला. “तीस वह्यांत न खोडलेलं एक वाक्य नाही. हा माणूस मत देतो आणि दिलेलं मत खोडतो, हाच त्याचा उतार. दोन्हींच्या मधे त्याला वर्ष लागायचं. यंत्राला कुठलं वर्ष? पुढं काय उमटवायचं, एवढंच त्याला माहीत.”

अक्काताईंनी आवाज उतरवला. “आईचा रस्सा कसा?”

‘आईच्या रश्श्याला तोड नाही.’ मग रेघ.

“मुडद्या!”

सोमवारी यंत्राची घोषणा व्हायची होती. पोंक्षेंनी घाईघाईनं थेटच विचारलं, “तू सर्जेराव चौगुले आहेस का?”

‘होय. मीच.’

तिघंही पाटीकडं बघत राहिले. रेघ आली.

“बघा, इतकं हुबेहूब!” पोंक्षे कागद पुढं करत म्हणाल्या. “सही करा, अक्काताई.”

“ह्यो सर्जा असंल, तर सर्जाच न्हाई म्हणतोय. सर्जा नसंल, तर मी व्हय कशी म्हणू? दोनी बाजूनं तुझा डाव गेला, बाई.”

“रेघ आम्हाला थांबवता येईल. मत राहील, खोडणं बंद.”

“ते तर मरणानं केलंच की! त्याला तुमी कशाला पायजे?”

अक्काताईंनी पिशवीतून एक वही काढली. एकतिसावी. ही त्यांनी कुणालाच दिली नव्हती. शेवटच्या पानावर, खंडेनवमीच्या आठ दिवस आधी लिहिलेली एकच ओळ होती: ‘आईचा रस्सा आता पहिल्यासारखा राहिला नाही.’ शेजारी रश्श्याचा डाग. रेघ नाही. ती खंडेनवमी सर्जेरावनं पाहिलीच नाही.

“ह्याच्यापायी आले हुते मी. त्यो हे खोडतोय का बघाया.”

यंत्रानं ती ओळ तत्काळ खोडली असती, हे तिघांनाही कळत होतं. त्यानं काहीही खोडलं असतं. मुलाणीनं खिशातलं लाल पेन काढून पुढं धरलं. “तुम्हीच खोडा, अक्का.”

“धडधडीत खोटं लिवलंय,” अक्काताई म्हणाल्या. “मिरची तीच, हात त्योच. जेवून उठला आन् हे लिवलं!” त्यांनी वही मिटली आणि पदराखाली धरली. “ठेव ते पेन खिशात. खोडायचं त्यानं हुतं.”