सहा घड्या

"बघा! सगळ्यांनी बघा हिची करामत!"

सासूबाईंनी ओव्हनमधून काढलेला ट्रे टेबलावर आपटला, तेव्हा त्यातले अठ्ठेचाळीस पफ एकदम हादरले आणि पुन्हा तसेच निपचित पडून राहिले... कारण ते फुललेलेच नव्हते. चौकोनी, चपटे, कडांनी करपलेले. पोटातले चीज बाहेर ओघळून काळे पडलेले, गाजर-वाटाण्याचे सारण उघडे पडलेले आणि सगळ्यांच्या खाली वितळलेल्या लोण्याचे पिवळे तळे! दारात नाट्यगृहाच्या उपाहारगृहाचे व्यवस्थापक रिकामे डबे घेऊन उभे होते. त्यांच्यामागे शेजारच्या शिंपीणबाई डोकावत होत्या. उशिरा जेवायला बसलेला सासूबाईंचा मोठा मुलगा, थोरल्या सुनेचा नवरा, घास हातात धरून थांबला होता आणि कचेरीतून नुकतीच आलेली धाकटी सून त्याच्यामागे उभी होती.

"मध्यंतर साडेसहाला आहे हो, मावशी," व्यवस्थापक चाचरत म्हणाले. "आता मी प्रेक्षकांना काय देऊ? टाळ्या?"

"यांना विचारा! आमच्या थोरल्या सूनबाईंना! बावीस वर्षे माझ्या हाताखाली काढली, पण अजून सहापर्यंत मोजता येत नाही हिला!"

थोरली ओट्याला टेकून उभी होती. तिने मान वर केली नाही. एप्रनच्या खिशातल्या पत्राची घडी तिच्या बोटांना टोचत होती. ओठांवर आलेले एकच वाक्य तिने गिळले आणि रोजच्यासारखे दुसरे उच्चारले.

"माझीच चूक झाली, आई. घड्या चुकल्या माझ्याकडून."

त्या घरात पफ करण्याची एक ठरलेली रीत होती. मैदा, मीठ आणि गार पाणी यांचा गोळा मळायचा, तो लाटून त्याच्या मधोमध लोण्याची चौकोनी वडी ठेवायची, चारही कोपरे पाकिटासारखे मिटायचे आणि लांब पट्टी लाटून तिची तीन पदरी घडी घालायची. मग पिठाची ही लादी पाव वळसा फिरवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची. अशा घड्या सहा. पाच झाल्या तर पदर जाडे राहतात, सात झाल्या तर एकमेकांत मिसळून जातात. सासूबाई आणि थोरली, दोघींनी घरातली इतर कामे सांभाळून, जिला सवड होईल तिने एकेक घडी घालायची, म्हणून हिशेब चुकू नये यासाठी सासूबाईंनी एक युक्ती काढली होती. घडी घातली की लादीच्या कोपऱ्यावर बोटाने एक ठसा दाबायचा. दोन ठसे दिसले की दुसरीने समजायचे, पुढची तिसरी. बोलायची गरजच नाही! कित्येक दुपारी त्या दोघी एकमेकींशी केवळ या ठशांनी बोलल्या होत्या.

आणि याच ठशांनी चौदा महिन्यांपूर्वी थोरलीला ती भयंकर गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी कोपऱ्यावर पाच ठसे होते; पण लाटणे फिरवताच आतली लोण्याची वडी तिच्या हाताला जशीच्या तशी लागली... जाड, अखंड. सासूबाईंनी घडी घातलीच नव्हती. त्या फ्रिज उघडत होत्या, आपण नुकतीच घडी घातली असे समजत होत्या, ठसा दाबत होत्या आणि विसरत होत्या!

हे कुणाला सांगायचे? सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीचे शेवटचे दिवस थोरलीने पाहिले होते. मन विस्कटलेल्या त्या बाईला तिच्याच माणसांनी बाहेरून कडी घातलेल्या खोलीत ठेवले होते, आणि भेटून परतताना सासूबाईंनी थोरलीचा हात दुखेपर्यंत आवळला होता. "माझं असं झालं ना, तर माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊ नका गं... त्यापेक्षा मला मारून टाका."

म्हणून थोरलीने उपाय काढला. रोज पहाटे सासूबाई उठण्यापूर्वी ती दुसरी लादी करू लागली. तिच्या घड्या चोरून घालू लागली, ओल्या फडक्यात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात पालकाखाली दडवू लागली. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की लाद्यांची अदलाबदल करायची. सासूबाई उठून तिच्याच लादीचे चौकोन कापत, सारण भरत, कडा दाबत. ते त्यांच्या हातांना अजून बिनचूक येत होते. आणि त्यांची ती बिघडलेली लादी? त्या घरात अन्न टाकत नसत. थोरली ती गुपचूप भाजून ठेवी आणि संध्याकाळी घरच्यांपुढे ते चपटे पफ मांडून म्हणे, "आज माझ्या घड्या चुकल्या." नवरा हसून म्हणे, "अगं, हे पफ आहेत की फरशा? स्वयंपाकघराला नवी फरशी बसवून टाकू!" धाकटी जाऊ तोंड वाकडे करी. आणि सासूबाई... त्यांची जीभ दिवसेंदिवस धारदार होत चालली होती.

आज मात्र अदलाबदल राहून गेली. का? कारण टपालाने ते पत्र आले, आणि थोरली मोरीत दार लावून ते तीनदा वाचत बसली! दूरच्या शहरातल्या पाककला विद्यालयाने तिला शिक्षिका म्हणून बोलावले होते. तिथेच राहायची सोय, आठवड्याला दोन दिवस घरी. उत्तर सोमवारच्या टपालाने निघायला हवे होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातांना तिच्या नावाने हाक मारली होती... आणि ती हाक ऐकण्यात घालवलेल्या दहा मिनिटांत हे सारे घडले!

'नाही,' ती मनाशी म्हणाली. 'मी दहा मिनिटे दूर गेले, तर ही अवस्था. आठवड्याचे पाच दिवस दूर राहिले, तर?'

सासूबाईंवर रागवायचे तरी कसे? लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचे बाळ जन्मताच गेले, तेव्हा ती दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. सगळे समजावून थकले. एक दिवस सासूबाई काही न बोलता परात घेऊन तिच्या बिछान्यापाशी बसल्या, गार लादी तिच्या पुढ्यात ठेवली आणि तिचे बोट हातात धरून म्हणाल्या, "दाब इथे. एक घडी झाली. आता दुसरीसाठी तुला उठायला लागेल." आणि ती उठली होती.

त्याच संध्याकाळी तिने नकाराचे पत्र लिहिले. धाकटी टपाल कचेरीत कारकून होती, तिच्या हाती पाकीट देऊन थोरली म्हणाली, "शिकवण्याच्या नोकरीला नकार आहे. उद्या जाताना टाकशील?"

धाकटीने पत्ता वाचला, थोरलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले आणि पाकीट पर्समध्ये ठेवले.

शनिवारी धाकटीची कचेरी अर्धा दिवस होती. नाट्यगृहात दुपारचे पफ पोहोचवून थोरली परतली, तेव्हा स्वयंपाकघरात धाकटी एकटीच उभी होती. तिच्यापुढे टेबलावर संध्याकाळच्या पफांच्या दोन लाद्या होत्या... शेजारी शेजारी, दोन्ही उघड्या! थोरलीच्या हातातली डब्यांची पिशवी गळून पडली.

"हे काय केलंस तू? झाक ते! आधी झाक!"

"ताई, हळू बोला, आई झोपल्यात." धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी तासभर इथेच बसले होते. आई आल्या, फ्रिज उघडला, लादीवर बोट दाबलं आणि गेल्या. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या. पुन्हा दाबलं. मला विचारलं, 'तू कधी आलीस?' तीनदा विचारलं, ताई! मग मी पालक काढायला गेले, तर खाली ही दुसरी... तुमची. रोज दोन करता तुम्ही?"

"तुला शपथ आहे. कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही."

"आणि रोजच्या शिव्या? त्या दिवशी चारचौघांत तुमची अब्रू काढली, तेव्हा आम्ही सगळे माना डोलावत होतो! मी तर मनात म्हटलं, बरं झालं... अशी मी! आणि म्हणून ती नोकरी सोडताय होय? ताई, ते पाकीट मी टाकलेलं नाही. पर्समध्येच आहे."

"का नाही टाकलंस?"

"तुमचे अश्रू पडून पत्त्यावरची शाई फुटली होती. असलं पत्र कोण टाकेल?"

"मग दुसरं लिहून देते! तुला कळत नाही का? मी गेले तर आठ दिवसांत सगळ्यांना समजेल. आईंच्या हातून लाटणं काढून घेतील. मी इथून हलू शकत नाही गं... या टेबलाच्या आणि त्या फ्रिजच्या मधली चार पावलं, एवढंच माझं..."

"किती दिवस?"

दोघी दचकून वळल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, पण डोळे विलक्षण स्वच्छ. त्या सावकाश टेबलापाशी आल्या आणि आपल्या लादीचे ठसे बोटाने मोजू लागल्या. सहावर त्या थांबल्या नाहीत, कारण ठसे थांबले नव्हते. सात... नऊ... अकरा. मग त्यांनी सुरी घेऊन लादीची कड कापली. आत लोण्याची वडी एकसंध, पांढरी, न लाटलेली.

"अकरा ठसे आणि घडी एकही नाही," त्या म्हणाल्या. "किती दिवस चाललंय हे?"

"आई, तुम्ही बसा ना..."

"मी विचारलं, किती दिवस!"

"चौदा महिने," थोरली म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

सासूबाई खुर्चीवर कोसळल्यासारख्या बसल्या.

"चौदा महिने मी तुला टाकून बोलते आहे... आणि तू माझ्या चुका रोज भाजून, ताटात वाढून, स्वतःच्या नावावर खात होतीस? पोरी, एकदा तरी उलटून बोलायचंस गं! एकदा तरी!"

"तुम्ही मला भिंतीकडून उठवलं होतंत, आई. मी तुम्हाला त्या कडीच्या खोलीकडे कशी ढकलू?"

सासूबाईंनी तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्या पिठाळलेल्या तळव्यांत आपला चेहरा लपवला. त्यांचे म्हातारे खांदे हुंदक्यांनी हलत होते. मग एकाएकी त्या ताठ झाल्या.

"थोरल्याला बोलाव! आत्ता, लगेच!"

मोठा मुलगा वीजतंत्री होता. गल्लीतल्याच एका घराची तारजोडणी अर्धवट सोडून तो धावत आला. त्याला समोर उभे करून सासूबाई स्वच्छ, ठाम आवाजात बोलल्या:

"नीट ऐका. हे मी उद्यापर्यंत विसरेन. कदाचित संध्याकाळपर्यंतच. म्हणून तुमच्यापुढे बोलते. ते तुम्ही लक्षात ठेवायचं. घड्या माझ्या चुकल्या. हिची एकही चुकली नाही. ही नोकरीला जाणार. मी अडवलं, रडले, शिव्या घातल्या, तरी जाणार. माझी लादी धाकटी सांभाळेल, आणि तुला सुटी असेल तेव्हा तू. मी विसरेन रे... तुम्ही विसरू नका!"

"नाही विसरणार, आई," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. पण तिच्या नजरेला नजर देणे त्याला जमले नाही. "फरशा म्हणायचो मी... रोज," एवढेच कसेबसे बोलून त्याने तोंड फिरवले.

धाकटीने पर्समधले पाकीट काढून फाडले. सोमवारी होकार गेला.

आणि सासूबाई खरोखरच विसरल्या. रविवारी सकाळीच, धाकटीच्या हातून पीठ सांडले म्हणून त्यांनी थोरलीला फैलावर घेतले. "आई, काल तुम्हीच तर..." असे धाकटी बोलू लागली, पण थोरलीने डोळ्यांनीच तिला अडवले. ती कबुली एकदा मिळाली होती. पुन्हा पुन्हा मागून घ्यायची ती वस्तू नव्हती.

तीन आठवड्यांनी ती निघाली. नवरा बॅग घेऊन पायऱ्या उतरून गेला होता. स्वयंपाकघरात सासूबाई चौकोन कापत होत्या, धाकटी वाकड्यातिकड्या घड्या घालत होती. थोरली नमस्काराला वाकली, तेव्हा सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"एवढी आवरून कुठे निघालीस?"

"शिकवायला, आई. विद्यालयात."

"काय शिकवणार?"

"तुम्ही शिकवलंत तेच."

"हं." सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. कपाळावर आठी पडली. कुठल्यातरी हरवलेल्या गोष्टीचे टोक त्या चाचपडत असाव्यात. ते हाती लागले नाही. पण त्यांच्या डोळ्यांत, का कोण जाणे, पाणी उभे राहिले.

"एक लक्षात ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "एखाद्या मुलीची घडी चुकली ना... तर चारचौघांत बोलू नकोस तिला. फार लागतं गं मनाला."

थोरलीने मान हलवली.

"जा आता," सासूबाई पुन्हा सुरी उचलत म्हणाल्या. "बस चुकेल."