शंभूरावांसाठी जास्वंद

"ते खाली ठेवा!"

मी दचकले. हातातलं रोप इतकं देखणं होतं... रुंद हिरवी पानं आणि त्यांवर पांढरे शिंतोडे. आणि समोरचा मुलगा हातात पाण्याची नळी धरून माझ्यावर डोळे वटारत होता.

"का? विकायला नाही ठेवलं?" मीही कन्नडमध्येच फणकारले. जयलक्ष्मीपुरममधल्या त्या नर्सरीत मी पहिल्यांदाच गेले होते आणि पहिल्याच मिनिटाला भांडण!

तेवढ्यात आईचा फोन आला. "होय गं आई, नर्सरीतच आहे," मी मराठीत म्हटलं. "येतेच की. एक तिरसट माणूस भेटलाय, तेला निपटते आणि येते."

फोन ठेवला, तर तो माणूस हसत होता.

"तिरसट माणूस म्हणतोय," तो चक्क मराठीत बोलला, "त्या पानाचा रस तोंडात गेला तर जीभ सुजते. घरी लहान बाळ असलं तर बेडा, नकोच. मग तुम्ही मला भांडाला येणार, अल्वा?"

माझे कान तापले. म्हैसुरात परक्याच्या तोंडून मराठी ऐकलं की तो माणूस उगीचच ओळखीचा वाटायला लागतो. हा तर दिसायलाही बरा होता. पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

"बाळ नाही," मी म्हटलं. "शॅमेलिऑन आहे. म्हणजे... रंग बदलणारा सरडा. येमेनकडचा. माझी मैत्रीण स्मृती जर्मनीला गेली, जाताना पिंजरा, परवाना सगळं माझ्याकडे सोपवून गेली. तिची प्लॅस्टिकची झाडं मळली होती, ती मी टाकून दिली. आता खरी झाडं हवीत. शंभूराव पानं खातात, म्हणून—"

"कोण शंभूराव?"

"सरडा. डोळे असे गरागरा फिरवतो ना, अगदी रागीट सरदारासारखे! म्हणून मी ठेवलं नाव."

त्याचा चेहरा विचित्र झाला. त्याच क्षणी आतल्या खोलीतून भारदस्त आवाज आला, "गगन! माझं नाव कोण घेतलं रे?"

"कोणी नाही, आजोबा!" तो ओरडला आणि तोंडावर हात दाबून हसत सुटला. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

असा गगन भेटला. त्याचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, आजोबा शंभूराव अजून मिशा पिळतात, आणि नातवाने शेतकीची पदवी घेऊन ही नर्सरी चालवायला घेतली. हे सगळं मला पुढच्या दोन-तीन भेटींत कळलं. भेटी व्हायचं कारणही त्यानेच काढलं.

"आज न्यायचं नाही," तो म्हणाला. "नर्सरीतल्या झाडांवर आम्ही औषध मारतो. मातीत खताचे दाणे असतात. तुमचा शंभू... म्हणजे, तुमचा प्राणी पानं खातो, पानावरचं पाणी पितो. मी कुंड्या बदलतो, माती बदलतो, पानं धुतो. एक महिना वेगळं ठेवतो. मग घेऊन जा."

"महिना?"

"मध्ये मध्ये येऊन बघा की." तो नळी गुंडाळत म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी बघायला जात होते. कॉलेजातले गणिताचे तास संपले की स्कूटर आपोआप तिकडे वळायची. मागच्या कोपऱ्यात त्याने चार कुंड्या मांडल्या होत्या: जास्वंद, छत्रीसारख्या पानांचं शेफ्लेरा, नाजूक फांद्यांचं फायकस आणि एक स्पायडर प्लांट. भोवती सुतळी बांधून पाटी लावली होती, 'इथे फवारू नये.' शेजारी औषध न लागलेल्या मातीचा ढीगही राखून ठेवला होता. मी रोपांशी बोलायचे आणि ऐकत मात्र तो असायचा.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "कण्हेर किती छान फुलते. ती का नको?"

"परीक्षा घेताय? कण्हेर विषारी असते."

"सरी, बरोबर. पास." मग हळूच, "तुम्हाला कुठलं फूल आवडतं... हे पण विचारू शकतो का?"

"जास्वंद," मी म्हटलं. "पण आता ती शंभूरावांची."

"अय्यो, आजोबांशी स्पर्धा!" आणि तो असा हसला की मला मुद्दाम फायकसची पानं मोजल्याचं नाटक करावं लागलं.

नवरात्राच्या आधी झाडं आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी आली. गगननेच पिंजऱ्यात रचून दिली. शंभूराव एकेक पाऊल झुलवत, विचार करत फांदीवर चढले, जास्वंदीचा कोवळा शेंडा कुरतडला आणि पोपटी झाले. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून बघत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता... कोणी काढून घेतला नाही. आई मात्र दारातूनच म्हणाली, "त्या नर्सरीवाल्यांना कॉफी देऊ का गं?" नर्सरीवाले! नाव माहीत असून.

आणि मग खंडेनवमीच्या सकाळी सगळं बिघडलं.

शंभूरावांनी दोन दिवस किड्यांना तोंड लावलं नव्हतं. त्या सकाळी ते काळपट पडले होते, अंगावर पिवळे ठिपके उठले होते. जे कधी जमिनीवर उतरत नसत, ते जास्वंदीच्या कुंडीत उतरून मुळांशी वेड्यासारखे ओरबाडत होते. थकायचे, थांबायचे, पुन्हा ओरबाडायचे. प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन लागेना. मी त्यांना फोटो पाठवले आणि गगनला फोन केला. बोलता बोलता मला रडूच फुटलं.

तो चालत आला. आयुधपूजेला त्यांच्या घरी स्कूटरही पूजेला बसते, आणि दसऱ्याच्या गर्दीने बसचे रस्ते वळवलेले. घामाने भिजलेला, कपाळावर कुंकू तसंच. पिंजऱ्यात एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझ्याच झाडांनी झालं," तो म्हणाला. "मी खात्री दिली होती तुम्हाला." त्याने जास्वंदीचं पान तोडलं आणि सरळ तोंडात घातलं.

"गगन! काय करताय?"

"औषधाची चव लागते का बघतो." तो चावत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. "लागत नाही... पण कुठंतरी चुकलं असणार. काढू या सगळं." त्याने कुंडीला हात घातला.

मी तो हात धरला. का कोण जाणे, त्या क्षणी मला शंभूरावांइतकीच याचीही काळजी वाटली. मी हात सोडायच्या आत डॉक्टरांचा फोन वाजला.

"मधुमिता, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "विषबाधा नाही. तुमचे शंभूराव बाई आहेत. नराशिवायसुद्धा त्या अंडी घालतात, त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पण घालायला खोल, ओलसर माती लागते. कुंडीत मुळं आहेत, तिला बीळ करता येईना. आजच मोठी बादली भरून माती द्या. अंडी अडली तर ती जगणार नाही. आणि एक, तिला कोणी दिसता कामा नये. बुजली तर खड्डा अर्धा सोडून देईल."

आम्ही रिक्षाने नर्सरी गाठली. आजोबा फेटा बांधून ओसरीवर बसले होते. समोर पणजोबांची तलवार, तिच्या शेजारी कुदळ, फावडी, खुरपी, कात्र्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. त्यांच्या घरचा नेम मला गगनने सांगितला होता: खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाही. आणि मातीचा ढीग पावसाने घट्ट बसलेला.

"आजोबा, एक फावडं..." गगन चाचरला.

"नाही."

मीच पुढे झाले. "आजोबा, पोटुशी आहे ती. आज माती मिळाली नाही तर मरेल."

"कोण पोटुशी?"

आता काय सांगू? "शंभूराव," मी पुटपुटले.

क्षणभर तलवारसुद्धा माझ्याकडे बघतेय असं वाटलं. मग आजोबांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे खदखदून हसले की फेटा सैल झाला.

"हत्यार बसलंय," ते उठत म्हणाले. "हात कुठं बसलेत? यवा, या दोघं!"

आणि ते म्हातारबुवा धोतर खोचून ढिगापाशी उकिडवे बसले. आम्ही तिघांनी नखांनी माती उकरली, खडे वेचले, वाळू मिसळली, पाणी शिंपडून मुठीत दाबून बघितली. गगनच्या बोटातून रक्त आलं. मी रुमाल बांधायला गेले, तर म्हणाला, "आधी बादली." तिथेच मी हरले. मला हा माणूस हवा होता, आणि तेही कायमचा.

दुपारी बादली पिंजऱ्यात ठेवली, बाहेरून चादर टाकली. खोलीचं दार लोटून आम्ही दोघे बाहेर जमिनीवर बसलो. आतून बारीक खसखस ऐकू आली. ती माती उकरत होती!

"मधुमिता," तो कुजबुजला, "मला तुम्हाला एक..."

मी मातीचा हात त्याच्या तोंडावर ठेवला. "श्श! बुजेल ती."

त्याने मान डोलावली. हात मात्र त्याने लगेच काढू दिला नाही. दिवेलागणीला तो गेला, तोवर आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही, आणि मला आयुष्यातली इतकी लांबलेली, इतकी गोड दुपार आठवत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी चादर उचलली. बादलीतली माती वरून नीट थापून सपाट केलेली होती. ती फायकसच्या फांदीवर होती, बारीक झालेली, दमलेली, पण हिरवी. मी पानांवर पाणी फवारलं आणि ती थेंबामागून थेंब पीत राहिली. मी तिथेच बसून रडले.

गगन आला तो दारातूनच, "कशी आहे?"

"सुटली. बघ ना!" 'बघ' म्हटल्याचं बोलून गेल्यावर कळलं.

त्यालाही कळलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काल काय सांगत होतास?" मी विचारलं.

"काल? सुम्ने... काही नाही. आठवत नाही."

"गगन!"

"मला..." त्याचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला. "मला तू आवडतेस."

"ऐकू नाही आलं."

"तिला त्रास—"

"तिचं काम झालंय. आता मोठ्यानं बोल."

त्याने श्वास घेतला. "मला तू फार आवडतेस, मधुमिता! लग्न करशील माझ्याशी?"

इतकं मोठ्यानं बोल म्हटलं नव्हतं मी! स्वयंपाकघरात चाललेला पळीचा आवाज थांबला. गगनने डोळे गच्च मिटून घेतले. आत आई होती.

"करेन," मी म्हटलं. तितक्याच मोठ्यानं.

पळी पुन्हा कढईला लागली.

"मधू," आतून आईचा आवाज आला, "गगनला ऊटाला थांबव की. पुरणाचे ओब्बट्टू गरम आहेत."