तिठ्यावरचा हलका दगड

दिवाळीच्या सुट्टीचा अजून आठवडा उरला होता आणि गंधालीच्या आत्याने डोंगर सोडायचं ठरवलं होतं.

ही बातमी गंधालीने सकाळी जिन्यातच सांगितली. ऋतिका दूध आणायला निघाली होती. तिने पिशवी दाराच्या कडीला अडकवली, आत जाऊन सौरभला गदागदा हलवून उठवलं आणि तिघं गच्चीवर जाऊन बसली. सौरभ हा ऋतिकाचा मामेभाऊ, सुट्टीसाठी विक्रोळीहून आलेला. त्याला डोंगराची भानगड काहीच माहीत नव्हती, म्हणून गंधालीने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मुलुंडच्या पश्चिमेला शेवटच्या इमारतींची पाठ जिथे डोंगराला लागते, तिथून एक पायवाट वर जाते. आधी सागाचं रान, मग करवंदीच्या जाळ्या, मग तोंडलीचे मांडव आणि अगदी माथ्यावर चाफेपाडा नावाची मोजक्या घरांची वस्ती. वाट जुनीच होती, पण ती पाड्यातल्या लोकांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. शर्मिष्ठाआत्याने पाड्यातल्यांशी ओळख काढली, त्यांना विचारून वाटेवरच्या दगडांवर पिवळे बाण रंगवले आणि रविवारी माणसं घेऊन चालायला सुरुवात केली. बघता बघता डोंगर चढायला गर्दी होऊ लागली. वर पोचलं की पाड्यातल्या कमलताई सगळ्यांना गरम भाकरी आणि तोंडल्याची भाजी वाढायच्या. त्या पैशांतून पाड्याने पाण्याची नवी टाकी बसवली होती.

गेल्या रविवारी आत्या भाऊबीजेसाठी नाशिकला गेली होती. चालणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष नंदकुमारकाका सगळ्यांना घेऊन निघाले. बाण बघत बघत ते चालले आणि पाड्याऐवजी भलतीकडेच, बंद पडलेल्या जुन्या खाणीपाशी पोचले. तिथे काकांचा पाय मुरगळला. दोघांनी खांद्याचा आधार देऊन त्यांना खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, की बाण रंगवणं म्हणजे रांगोळी घालणं नव्हे, त्याला डोकं लागतं.

"मग आत्या काय म्हणाली?" सौरभने विचारलं.

"घरी आली आणि रंगाचे डबे माळ्यावर टाकले. या रविवारी जाऊन सगळे बाण पुसणार आहे म्हणे."

ऋतिका आत्याबरोबर कितीतरी वेळा त्या वाटेने गेली होती. खाणीची वाट जिथे डावीकडे फुटते, त्या तिठ्यावरचा बाण रंगवताना ब्रश तिच्याच हातात होता. तो बाण उजवीकडे दाखवत होता, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"बाण चुकीचा नव्हता," ती म्हणाली. "चला, बघून येऊ."

आत्याने परवानगी दिली, पण फक्त तिठ्यापर्यंत. तिथवर पाड्यातल्या लोकांची दिवसभर ये-जा असते. पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, असा शब्द तिने तिघांकडून घेतला.

उन्हं अंगावर येऊ लागली तेव्हा ते तिठ्यावर पोचले. पावसाळ्यात वाढलेलं गवत आता सोनेरी झालं होतं आणि सौरभच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. बाणाचा दगड मधोमध होता. पिवळा बाण ठळक दिसत होता आणि तो सरळ डावीकडे, खाणीकडे दाखवत होता.

गंधालीचा चेहरा उतरला. "म्हणजे आत्याच चुकली?"

ऋतिका खाली बसली आणि दगडाच्या कडेने बोटं फिरवू लागली. दगडाखालचं गवत चेपलेलं होतं, पण अजून हिरवं होतं. ती उठली, इकडेतिकडे फिरली आणि करवंदीच्या जाळीपाशी थांबली. तिथे जमिनीवर दगडाच्या आकाराची उघडी जागा होती. तिच्यात गवताची पाती पांढरीफटक पडली होती आणि मुंग्यांची धावपळ चालली होती.

"दगड इथे होता," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं इथेच होता. कोणीतरी उचलून तिकडे ठेवलाय, आणि ठेवताना फिरवलाय."

सौरभला ते पटेना. एवढा धोंडा उचलायचा म्हणजे चार माणसं हवीत, आणि एवढी मेहनत गंमत म्हणून कोण करेल, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्याने बाजूचाच एक मोठा काळा धोंडा निवडला, हातांवर थुंकी लावली, गुडघे वाकवले आणि सगळा जोर लावून तो उचलला.

पुढच्या क्षणी सौरभ गवतात उताणा पडला होता आणि धोंडा त्याच्या पोटावर होता. गंधाली किंचाळली. सौरभ मात्र थक्क होऊन पोटावरच्या धोंड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो एका हाताने उचलून डोक्यावर धरला.

"यार, हा थर्माकोलचा आहे!"

तिघंही इतकी हसली, की झाडावरचे सातभाई कलकलाट करत उडाले. धोंड्याचा एक कोपरा तुटला होता आणि आतले पांढरे मणी दिसत होते. वरून झकास काळा-करडा रंग मारलेला. मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या मुलांना असला दगड कुठून येतो ते सांगावं लागत नाही. शूटिंगवाले! पाड्यावर गेले काही दिवस एका मालिकेचं शूटिंग चालू होतं. गंधालीला आठवलं, नाशिकहून आल्याआल्या आत्याने गाडीरस्त्याने पाड्यावर जाऊन त्यांच्या सामानाच्या मॅनेजरला, बाण कोणी हलवला का, असं विचारलंही होतं. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. भाऊ तिला म्हणाला होता, की आम्ही पलीकडच्या गाडीरस्त्याने येतो-जातो, तिठा कुठे आहे तेही आम्हाला माहीत नाही.

"खोटारडा," गंधाली म्हणाली.

तेवढ्यात सौरभने हात वर केला. डावीकडच्या गवतातून गाणं ऐकू येत होतं. लहान मुलांचे आवाज, टाळ्या, मध्येच कोणीतरी मोठ्याने हसणं. त्यांच्या आधीच कोणीतरी तिठ्यावरून गेलं होतं, आणि बाण बघून गेलं होतं.

तिकडे खाणीशिवाय काही नव्हतं. आणि गवत तर अगदी खाणीच्या कडेपर्यंत होतं.

"आत्याला शब्द दिलाय आपण," गंधाली हळूच म्हणाली.

"आत्या इथे असती तर आत्ता धावत सुटली असती," ऋतिका म्हणाली. मग तिने भराभर ठरवलं. गंधालीने तिठ्यावरच थांबायचं, म्हणजे आणखी कोणी चुकणार नाही, आणि फोन घेऊन मोठ्या खडकावर चढायचं. तिथे कधीकधी रेंज मिळते. सौरभने तिच्याबरोबर यायचं.

वाट वळसा घालून खाणीकडे जात होती. ऋतिकाने वाट सोडली आणि कोरड्या ओहोळात उडी मारली. तो सरळ खाणीच्या अंगाला निघतो हे तिला माहीत होतं. गोटे पायाखालून सटकत होते, करवंदीचे काटे हातांना ओरबाडत होते. सौरभ मागून धापा टाकत येत होता आणि तरीही बडबडत होता, की विक्रोळीला परत गेल्यावर हे कोणाला खरं वाटणार नाही. ऋतिकाला त्याचं बोलणं ऐकून बरं वाटत होतं. गाणं जवळ जवळ येत होतं.

ओहोळातून वर चढून ती गवतात घुसली आणि थेट त्यांच्यासमोर उभी राहिली. पुढे एक चिमुरडी मुलगी होती, लाल टोपी घातलेली. गवतापलीकडे पाणी चमकताना दिसल्यामुळे ती धावत सुटली होती. ऋतिकाने दोन्ही हात पसरले आणि तिला पोटाशी घट्ट पकडलं.

"थांबा! सगळे जागच्या जागी थांबा."

घाटकोपरच्या एका वसाहतीतली मुलं होती ती. त्यांना घेऊन आलेला कॉलेजातला मिहिरदादा मागून पुढे आला. तो जरा चिडलाच. बाण याच बाजूचा होता, पुढे तळं दिसतंय, मुलांना जरा पाणी बघू दे, असं तो म्हणाला.

ऋतिकाने खालचा एक दगड उचलला आणि मागे, गवतापलीकडे भिरकावला. सगळे कान देऊन उभे राहिले. आवाज आला नाही. आणखी थोडा वेळ गेला. मग खूप खोलवरून, बुडुक, असा आवाज आला.

मिहिरदादाने लाल टोपीवालीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. तिचं नाव ओवी होतं.

मागे फिरताना कोणी गात नव्हतं. पण तिठ्यावर गंधाली खडकावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. आत्याला फोन लागला होता आणि ती निघाली होती! मग सौरभने थर्माकोलचा धोंडा उचलून एका बोटावर तोलला, तो ओवीने बघितला आणि मुलांमध्ये पुन्हा हसू पसरलं. आता पाड्यावरच जाऊ, असं मिहिरदादा म्हणाला. त्याला त्या शूटिंगवाल्यांशी बोलायचंच होतं.

"तुम्ही विचारलंत तर ते नाहीच म्हणतील," ऋतिका म्हणाली. "आत्यालाही नाहीच म्हणाले होते. आपण विचारायचंच नाही." आणि मग काय करायचं, ते तिने चालता चालता सगळ्यांना समजावून सांगितलं.

तोंडलीच्या मांडवांखालून, हिरव्या उजेडातून सगळी वरात पाड्यावर पोचली. कमलताईंच्या अंगणासमोर दिवे, छत्र्या, खुर्च्या असा पसारा होता. जेवणाची सुट्टी झाली होती. मुलांनी समोरच्या मोकळ्या जागेत गोल केला आणि धोंड्याने झेलाझेली सुरू केली. धोंडा हवेत उडायचा, ओवी तो डोक्यावर झेलायची आणि शूटिंगमधली माणसं पोट धरून हसायची.

भाऊ हातातलं ताट ठेवून धावत आला. धोंडा खाली ठेवा, तो आमचा आहे, असं तो ओरडू लागला.

ऋतिकाने धोंडा दोन्ही हातांत धरला आणि नम्रपणे विचारलं, "नक्की तुमचाच ना, काका? दुसऱ्या कोणाचा असला तर?"

"दुसऱ्या कोणाचा कसा असेल? उलटा कर. खाली लाल फुली आहे की नाही बघ. आमच्या प्रत्येक सामानावर असते."

तिने तो उलटा केला. फुली होती. तेवढ्यात मांडवाखालून शर्मिष्ठाआत्या घामाघूम होऊन वर आली आणि सगळं ऐकत उभी राहिली.

"हा आम्हाला तिठ्यावर मिळाला," ऋतिका म्हणाली. "तुम्ही तर तिठा बघितलाच नाही म्हणाला होतात."

भाऊने आत्याकडे पाहिलं, मग धोंड्याकडे. शेवटी त्याने कबूल केलं. तिठ्यावर नायिकेचं एक दृश्य घ्यायचं होतं आणि पिवळा बाण मध्ये येत होता. म्हणून पोरांकडून दगड हलवून घेतला. संध्याकाळी घाईघाईत अंदाजाने परत ठेवला. बाई विचारायला आल्या तेव्हा उगाच कटकट नको म्हणून नाही सांगितलं. एक बाण इकडे काय नि तिकडे काय, असं त्याला वाटलं होतं.

मिहिरदादाने ओवीचा हात धरून तिला पुढे आणलं. "ही खाणीकडे धावत होती," एवढंच तो म्हणाला.

भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला. माझीही मुलगी एवढीच आहे, असं तो पुटपुटला. मग उठला, आत्यासमोर हात जोडले आणि आपल्या माणसांना घेऊन तिठ्याकडे निघाला. खरा दगड उचलताना पहिला हात त्याने स्वतः लावला. तो जागेवर नेईपर्यंत चौघांचे शर्ट भिजून चिंब झाले. सौरभ बाजूला उभा राहून त्यांना जोर लावा म्हणून सांगत होता. खाणीच्या वाटेवर काटेरी फांद्यांचं कुंपणही भाऊनेच घालून दिलं.

शब्द मोडल्याबद्दल आत्या रागावेल, अशी ऋतिकाला भीती होती. आत्याने तिचे ओरबाडलेले हात बघितले, कमलताईंकडून हळद मागून घेतली आणि ती स्वतः लावून दिली.

घरी मात्र आईने आधी फैलावर घेतलं. चिडली की ती मालवणीवर यायची. "खंय गेल्लंस गो इतको वेळ? दूध कोण हाडतलो?" मग गंधालीच्या तोंडून सगळी हकिकत ऐकल्यावर तिने रात्री तिघांसाठी घावणे केले.

रविवारी पायथ्याशी कधी नव्हे एवढी माणसं जमली. घाटकोपरची मुलं आली होती, त्यांचे आईबाबा आले होते. नंदकुमारकाका काठी टेकत आले. पायामुळे त्यांना चढता येणार नव्हतं, पण ते बोलायला आले होते. ज्या लोकांसमोर त्यांनी आत्याला नावं ठेवली होती, त्यांच्याचसमोर त्यांनी तिची माफी मागितली. मग ते तिन्ही मुलांकडे वळले.

"आम्ही मोठी माणसं बाण बघून चालत राहिलो," ते म्हणाले. "या पोरांनी बाण चुकतोय का ते बघितलं. शाबास!"

टाळ्या थांबल्यावर आत्याने ऋतिकाच्या पाठीवर हात ठेवला आणि आज पुढे तू चालायचंस, असं सांगितलं.

सागाच्या रानात ऊन सांडलं होतं. ऋतिका चालत राहिली. मागे सौरभ कोणालातरी थर्माकोलच्या धोंड्याची गोष्ट सांगत होता आणि प्रत्येक वेळी धोंडा आधीपेक्षा मोठा होत होता. तोंडलीचे मांडव ओलांडून ती माथ्यावर आली तेव्हा वारा अंगावर आला. एका बाजूला तलावाचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूला लांबवर खाडी आणि मध्ये सगळी इमारतींची गर्दी. कमलताईंच्या चुलीचा धूर वर चढत होता.

ऋतिकाने मागे वळून पाहिलं. माणसांची लांबच लांब ओळ हिरव्या उजेडातून वर येत होती. आजोबा होते, आया होत्या, लाल टोपीतली ओवी होती, आणि ऋतिकाने जिथे जिथे पाऊल टाकलं होतं, तिथेच प्रत्येक जण अगदी नेमका पाय ठेवत होता.