एकतीसशे

फुप्फुसं तपासायच्या माझ्या खोलीत माणूस किती पाण्यात आहे, ते नळीत फुंकल्यावर कळतं. ऑपरेशनआधी मास्तरांनी फुंकलं ते जेमतेम अकराशे मिलिलिटर भरलं. चाळीस वर्षं सिगारेटी ओढून फुप्फुसांची चाळण झालेली, त्यात उजवीकडे कॅन्सरची गाठ. हजाराच्या खाली आमचे सर्जन सुरीला हात लावत नाहीत.

"काठावर पास," मी म्हणाले.

"हिचंही मोजा," मास्तरांनी बायकोकडे मान उडवली. "दिवसभर तोंड चालतं, पहिला नंबर येईल."

बाईंनी हसत हसत फुंकलं. दोन हजार.

मास्तरांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. दीड महिन्यानं त्यांनी सतराशे फुंकले. मी मशीन तपासलं, ठीक होतं. सर्जन खूश. "निकामी भाग गेला, उरलेल्याला जागा मिळाली. होतं असं."

होतं, मीही पाहिलंय. पण इतकं नाही. बाई दारातच धापा टाकत होत्या, म्हणून त्यांनाही नळी दिली. चौदाशे.

पुढच्या खेपेला मास्तर जिना चढून आले. चोवीसशे. बाई लिफ्टनं आल्या, तरी भिंत धरून. सातशे. एक्स-रे मात्र लख्ख.

मी तिन्ही वेळच्या बेरजा केल्या. एकतीसशे, एकतीसशे, एकतीसशे.

मास्तर औषधं आणायला खाली गेले तशी मी म्हणाले, "बाई, बहिणीकडे जा. आजच. घरी परतूच नका."

त्यांनी 'का' विचारलं नाही. "तुम्हालाही... कळलं?" एवढंच, तेही दोन दमांत.

महिन्याभरानं मास्तर एकटेच आले. ओठ निळसर, शर्ट घामानं चिकटलेला. त्यांनी दार लावलं आणि खुर्ची माझ्या गुडघ्यांना टेकेपर्यंत ओढली.

"ती तिकडे... जिने चढतेय म्हणे. हे शहाणपण... कोणी शिकवलं तिला?"

"मोजायचं ना?"

"मोजा की. त्यासाठीच... आलोय."

नळी तोंडात. नजर माझ्यावर.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "आणखी. आणखी."

आता 'फुंका' म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. शब्दापुरतीही हवा छातीत नव्हती.

मास्तर अजून श्वास आत घेतच होते.