बाबांचा चेंडू झुडपात

मी फांद्या बाजूला सारून आत शिरले, तर तिथे आधीच कुणीतरी ओणवं झालेलं होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांत वाळकं पान आणि हातात पांढरा चेंडू.

"तुमचा का?" त्यानं विचारलं.

"बाबांचा हवाय. निळा ठिपका आहे का?"

"हा लाल. म्हणजे आमच्या मामांचा... थांबा, तुमचाही असेल इथेच."

बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी त्यांची गोल्फची पिशवी मी उचलत होते. हा त्याच्या मामांची उचलत होता, कारण मामांचा गुडघा नवा बसवलेला. क्लबनं त्या दोघांची जोडी त्याच सकाळी लावून दिली होती. चौथ्या होलची वाट मध्येच डावीकडे वळते. दोघांचेही चेंडू न वळता सरळ जाऊन झुडपात घुसले होते.

बाबांचा चेंडू माझ्या पायाशीच निघाला. "माझं चष्म्याचं दुकान आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "फुकट सांगतो, तुमचा नंबर वाढलाय." मी हसले खरी, पण घरी जाऊन आधी एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचून पाहिलं. माझा स्वभावच तसा. औषधांच्या दुकानात काम करते, चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय गोळी हातात देत नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झुडूप आणि पुन्हा आम्ही दोघं. रात्री पाऊस पडून गेला होता, फांदी हलली की मानेवर थेंब पडायचे. या खेपेला त्याला शोधायला फार वेळ लागला.

"आज तुमचा नंबर वाढलेला दिसतोय," मी म्हटलं.

"चेंडू मघाशीच दिसला होता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सांगितलं नाही... एवढंच."

माझे कान गरम झाले. बाहेरून मामांची हाक आली नसती, तर मी तिथेच रुजले असते.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती मी पोटात ठेवली. बाबांचा प्रत्येक फटका मी पावलांनी मोजून वहीत लिहीत असे. पूर्वी बाबा सगळ्यात लांब काठीनं चेंडू असा मारायचे, की तो वळणावर आपणहून डावीकडे वळायचा. ऑपरेशननंतर तो वळेनासा झाला. हौशी खेळाडूची खोड अशी, की आयुष्यातला सर्वांत देखणा फटका तेवढा लक्षात ठेवतो आणि दर वेळी तोच बसणार असं धरून चालतो. खेळायचं असतं ते आपल्या रोजच्या फटक्याच्या हिशेबानं. सात नंबरची आखूड काठी घेतली, की बाबांचा चेंडू वळणाच्या अलीकडे थांबला असता आणि पुढची वाट मोकळी मिळाली असती. इतकं ते सोपं होतं.

"कुठली घेऊ म्हणतेस?" चौथ्या होलवर बाबा दर वेळी मला विचारायचे. आणि तिसऱ्या रविवारपासून मी, जाणूनबुजून, त्यांच्या हातात सगळ्यात लांब काठी ठेवत होते.

कारण झुडपाबाहेर आम्हाला बोलताच यायचं नाही. बाबा एका बाजूला, मामा दुसऱ्या. त्यांच्या देखत 'बरंय' म्हणायलाही मला घाम फुटायचा. फोन नंबर मागायला दोघांचीही जीभ रेटत नव्हती. झुडपात मात्र तो मोकळा व्हायचा. एकदा त्यानं माझ्या वेणीत अडकलेली काटकी काढली आणि काढून झाल्यावरही हात लगेच मागे घेतला नाही. आठवडाभर मी त्या जागी हात लावून बघत होते.

सातव्या रविवारी तो म्हणाला, "मामांचा गुडघा बरा झाला. पुढच्या रविवारनंतर मी येणार नाही. त्या दिवशी इथे... तुम्हाला एक विचारायचं आहे."

आत्ताच विचारा ना, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाबांची हाक आली.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले, तर बाबा व्हरांड्यात एकेक काठी पुसून कापडात गुंडाळत होते. रविवारी शेवटचं खेळतो आणि विकून टाकतो म्हणाले. मी 'का?' म्हणून विचारलं. "हात गेला माझा. त्या वळणावर दर वेळी तोंडघशी पडतो. म्हातारपण आलं, दुसरं काय." आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, की दाढी करताना त्यांनी शिट्टी वाजवणंसुद्धा सोडलंय, तुझ्या लक्षात आलं का? आलं नव्हतं. मी चेंडू कुठे पडतो तेवढंच बघत होते.

रविवारी आम्ही चौथ्या होलवर येऊन थांबलो. चष्मेवाला आज नवा शर्ट घालून आला होता. दोनदा त्यानं झुडपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांनी हात पुढे केला. "कुठली देतेस?" आवाजात नुसता कंटाळा होता.

लांब काठी दिली, तर तो काय विचारणार ते कळेल... आणि उद्या बाबा हा खेळ सोडतील.

मी सात नंबरची काढली.

"ही? ही तर लहान मुलांना देतात."

"बाबा, आजच्या दिवस माझं ऐका."

चेंडू उडाला आणि वळणाच्या अलीकडे, हिरवळीच्या अगदी मधोमध जाऊन बसला. बाबा काठी खाली ठेवायचंच विसरले. मामांनी मात्र आपली लांब काठीच उचलली आणि चेंडू झुडपात घातला. चष्मेवाला एकटाच निघाला. जाताना त्यानं वळून पाहिलं. आपणच नको झालो असं त्याला वाटलं असावं. चेहरा तसाच झाला होता. माझे पाय त्याच्याकडे ओढत होते, पण पिशवी माझ्या खांद्यावर होती.

बाबा भराभर चालत होते. "कळलं कधी तुला हे?"

खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्याच रविवारी," मी म्हटलं. "पाच रविवार मी मुद्दाम लांब काठी दिली. त्या झुडपात जाता यावं म्हणून."

बाबा थांबले. त्यांनी झुडपाकडे पाहिलं. आतला माणूस काहीच शोधत नव्हता, हात खाली सोडून नुसता उभा होता.

"मी सगळं विकायला निघालो होतो, पोरी."

"माहीत आहे." मी म्हटलं. "तो मला आवडतो, बाबा. फार आवडतो. आज तो तिथे मला काही विचारणार होता. पण तुमचं असं गप्प होणं मला बघवेना."

बाबांनी मान फिरवली. रागावले होते, आणि दुखावलेही होते. ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून गवतावर ठेवली आणि झुडपाकडे तोंड करून ओरडले, "अहो चष्मेवाले, तिथे काय शोधताय? ती इथे आहे."

तो बाहेर आला. भर मैदानातून, मामांच्या समोरून, चालत आमच्यापर्यंत आला. शर्टाची बाही काट्यांनी फाटली होती.

"विचारा काय विचारायचं ते," बाबा म्हणाले. "मी इथून हलणार नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला तुमच्याशिवाय रविवार नको," तो मला म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर... बाकीचे सहा वारही नकोत. लग्न कराल माझ्याशी?"

मी हो म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की मागून चालत येणाऱ्या मामांनी विचारलं, "काय म्हणाली?"

बाबांनी घसा साफ केला. "हो म्हणाली," ते म्हणाले.